उन्हाळा ओसरताना घरची सूतरंगाई : कोणता रंग आधी घ्यावा?

लोकरसूत

उन्हाळाभर कातलेल्या लोकरीच्या पस्तीस लड्या, प्रत्येकी साधारण १०० ग्रॅमच्या, सध्या आतल्या खोलीत दांडीवर टांगलेल्या आहेत. दुपारचे ऊन अजून चांगले तापत असले तरी पहाटेच्या वाऱ्यात गारवा जाणवू लागला आहे. घर गावाबाहेर आहे. मोकळे अंगण, सरपण आणि विहीर एवढे असले की रंगाईला फारसे काही कमी पडत नाही. कमी पडतो तो वेळ. अंगणात चूल मांडून दिवसभर मोठे पातेले मंद आचेवर ठेवता येईल, ओल्या लड्या संध्याकाळपर्यंत वाळतील आणि ताजी पानेफुलेही हाताशी असतील, असे दिवस वर्षात थोडेच असतात आणि ते नेमके उन्हाळा व शरद यांच्या सांध्यावर येतात. म्हणून या चर्चेच्या धाग्यात मला एकाच प्रश्नावर सविस्तर बोलायचे आहे : या पाच-सहा आठवड्यांत रंगांचा क्रम कसा लावावा?

माझ्यापुरते उत्तर असे आहे की जे टिकत नाही ते आधी घ्यावे आणि जे थांबू शकते ते मागे ठेवावे. हे समजायला मला बरीच वर्षे लागली. मंजिष्ठेचा तांबडा मला सर्वांत प्रिय असल्यामुळे मी दर वेळी तिच्यापासून सुरुवात करत असे. त्यात दोन आठवडे सहज जात आणि तोवर वाफ्यातल्या निळीच्या रोपांना तुरे येऊन जात. मंजिष्ठेची वाळवलेली मुळे कोरड्या डब्यात दोन वर्षे पडून राहिली तरी त्यांचे काही बिघडत नाही. निळीच्या ताज्या पानांना मात्र एक दिवससुद्धा थांबवता येत नाही.

याचे कारण पानाच्या आतच आहे. पानात निळा रंग तयार नसतो. इंडिकन नावाचे रंगहीन द्रव्य असते. पान चुरगळले की त्यातलेच विकर (एन्झाइम) या द्रव्याचे विघटन करते, त्यातून इंडॉक्सिल सुटते आणि हवेतला प्राणवायू लागताच त्याची नीळ बनते. नीळ एकदा बनली की ती पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ती तंतूच्या आत शिरायची असेल तर बनण्याआधीच शिरली पाहिजे. म्हणून मी सकाळी पाने खुडते, बर्फाच्या पाण्यात वाटते, गाळते आणि आधीच भिजवून ठेवलेली लडी लगेच त्या हिरव्या पाण्यात सोडते. थंड पाण्यामुळे ही सारी क्रिया मंदावते आणि आपल्याला थोडी उसंत मिळते. अर्ध्या-पाऊण तासाने लडी बाहेर काढून हवेत धरली की ती हिरव्यावरून फिरोजी होत जाते. सुताच्या वजनाच्या निदान तिप्पट-चौपट पाने लागतात. हा रंग लोकरीवर आणि रेशमावर सुरेख येतो. कापसावर जवळजवळ धरत नाही. रोप फुलोऱ्यावर आले की पानातली नीळ कमी होत जाते, आणि एखादी गोठवणारी रात्र आली तर पूर्ण वाफाच काळवंडतो. तेव्हा पहिला मान ताज्या पानांचा.

त्यानंतर फुले. झेंडू, नारिंगी कॉसमॉस, डेलिया, गोल्डनरॉड ही सगळी याच दिवसांत भरात असतात. झेंडूच्या ताज्या पाकळ्या सुताच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट घेतल्या की भरघोस सोनपिवळा मिळतो. फुले सावलीत वाळवून ठेवता येतात, त्यामुळे ती पानांइतकी घाई करत नाहीत. तरी ताज्या फुलांच्या रंगात जो उजळपणा असतो तो वाळलेल्या फुलांतून मला कधी मिळालेला नाही. फुलांनंतर अक्रोडाची हिरवी सालपटे, कारण ती आपसूकच शरदात गळून पडतात. मुळे आणि साली अगदी शेवटी. कांद्याची टरफले तर वर्षभर साठवता येतात, त्यांना क्रमात जागा देण्याचीही गरज नाही. एखादा दिवस रिकामा गेला की ती घ्यावीत.

हा क्रम जमायचा असेल तर सूत मात्र आधीपासून तयार हवे, आणि बहुतेकांचे गाडे इथेच अडते. फुले दारात आणि लोकर अजून तेलकट, असे झाले की सगळी घाई होते. मी ढगाळ दिवस यासाठी राखून ठेवते. प्रत्येक लडी चार ठिकाणी सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंतवून बांधायची. बंध आवळला तर तिथे रंग पोहोचत नाही आणि पांढरा पट्टा राहतो. मग सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात लोकर भिजत ठेवायची, चोळायची नाही. लोकरीला उष्णतेचे वावडे नाही. तिला सोसत नाही तो तापमानाचा अचानक बदल आणि घुसळणे. गरम पाण्यातून काढून थेट गार पाण्यात टाकली की तिचे नमदे व्हायला वेळ लागत नाही.

धुतल्यावर तुरटी. कोरड्या सुताच्या वजनाच्या १२ टक्के तुरटी आणि ६ टक्के क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पांढरी पूड), म्हणजे एक किलो लोकरीला १२० ग्रॅम आणि ६० ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवून पातेल्यात घालते, ओली लोकर सोडते, तासाभरात तापमान सावकाश ८५ अंशांपर्यंत नेते, तासभर तिथेच राखते आणि रात्रभर पातेले आपोआप निवू देते. तुरटीतले ॲल्युमिनियम लोकरीच्या तंतूला धरून बसते आणि पुढे आलेल्या रंगद्रव्याला त्याच्याशी बांधते. अशी लोकर वाळवून, चिठ्ठी बांधून ठेवली की महिनाभराने काढली तरी चालते. निळीला तुरटीची गरज नाही, अक्रोडालाही नाही, म्हणून तेवढ्या लड्या मी बाजूला काढते.

आता माझ्या दोन अडचणी. मागच्या वर्षी एकाच झेंडूचे, एकाच वजनाने केलेले दोन घाणे उन्हाळ्याच्या शेवटी आणि तीन आठवड्यांनी असे घेतले. दुसरा घाणा स्पष्टपणे मळकट आला. फुले तीच, तुरटी तीच. मधल्या काळात दोन जोरदार पाऊस झाले होते एवढाच फरक मला आठवतो. दुसरे म्हणजे, ताज्या पानांतून फिरोजीच मिळतो. गडद निळ्यासाठी माठ, म्हणजे नीळ पाण्यात उतरवून ठेवलेले रंगाचे भांडे, लावावा लागतो, आणि रात्री गार होऊ लागल्यावर माझा माठ दर वेळी रुसतो. जाणकारांनी कृपया लिहावे.

विहिरीकाठ

आपल्या पहिल्या अडचणीचे उत्तर बहुधा आपल्या पोहऱ्यातच आहे. जोरदार पावसानंतर उथळ विहिरीचे पाणी बदलते : कधी क्षार पातळ होतात, तर कधी मातीतून झिरपलेले लोह त्यात वाढते. पिवळ्या रंगाला लोहाचा अगदी थोडा अंश पुरतो आणि सोनपिवळा मळकट, हिरवट छटेकडे झुकतो. हाच परिणाम आपण हिराकस (लोहाचा क्षार) घालून मुद्दाम घडवून आणतो. फरक इतकाच की विहीर तो न विचारता करते.

तपासणी घरीच होऊ शकते. हिरड्याचा किंवा कडक काळ्या चहाचा काढा दोन पेल्यांत घ्यावा, एकात विहिरीचे आणि दुसऱ्यात पावसाचे थेट झेललेले पाणी मिसळावे. विहिरीच्या पाण्याचा पेला करडा-काळपट झाला तर लोह आहे असे समजावे, कारण टॅनिन (हिरडा-चहातले तुरट द्रव्य) आणि लोह यांच्या संयोगातून काळी छटा उमटते. जुन्या लेखणीची काळी शाईही याच संयोगावर बनत असे.

माझा उपाय साधा आहे. पन्हळीखाली पहिल्या सरीचे पाणी वाहून जाऊ द्यायचे, नंतरचे पिंपात धरायचे, आणि पिवळ्या रंगांसाठी तेच वापरायचे. मंजिष्ठेला मात्र उलट चालते. तिचा खरा तांबडा खुलायला पाण्यात थोडा चुना लागतो, त्यामुळे जड पाण्यात ती अधिक उजळते आणि निव्वळ पावसाच्या पाण्यात नारिंगीकडे झुकते. माझ्याकडे मऊ पाणीच असल्याने मी मंजिष्ठेच्या पातेल्यात चिमूटभर खडूची पूड घालतो. म्हणजे आपल्या क्रमात आणखी एक नोंद करता येईल : पावसाचे पाणी पिवळ्यांना आणि विहिरीचे मंजिष्ठेला.

एक विचारतो. पातेले लोखंडाचे तर नव्हते? किंवा मुलामा उडालेले? टवका उडालेल्या जागेतून लोह सुटते आणि दोष विहिरीवर जातो.

लोकरसूत

पातेले स्टीलचेच आहे. चहाची तपासणी आजच करून पाहिली आणि विहिरीच्या पाण्याचा पेला खरोखरच काळवंडला. तीन वर्षे मी फुलांना दोष देत होते. मनापासून आभार.

कोरा धागा

मी नवीन आहे आणि माझ्याकडे लोकर नाही, कापसाचे हातसूत आहे. वरची सगळी कृती कापसाला तशीच लागू होते का? मागच्या आठवड्यात मी याच प्रमाणात तुरटी लावून झेंडूत रंगवले, तर पहिल्याच धुण्यात निम्मा रंग निघून गेला.

लोकरसूत

तशीच लागू होत नाही, आणि हे मी आरंभीच लिहायला हवे होते. लोकर आणि रेशीम ही प्रथिने आहेत. तुरटी त्यांना सहज धरते. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्याला तुरटीचे फारसे आकर्षण नसते. म्हणून मध्ये टॅनिनचा पूल बांधावा लागतो.

पहिली गोष्ट धुणे. कापसावर नैसर्गिक मेण असते, ते निघाले नाही तर पाणीच आत शिरत नाही. धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून दीड-दोन तास चक्क उकळावे. लोकरीला जे चालत नाही ते कापसाला आवश्यक आहे. पांढऱ्या दिसणाऱ्या सुतातूनही चहाच्या रंगाचे पाणी निघते, ते पाहून घाबरू नये. धुतलेल्या सुताची लडी पाण्यावर टाकल्याबरोबर बुडाली तर धुणे पुरे झाले. तरंगत राहिली तर पुन्हा उकळावे.

मग सुताच्या वजनाच्या १५ ते २० टक्के हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून, सूत त्यात काही तास किंवा रात्रभर ठेवावे. हिरड्याने सूत फिकट पिवळसर होते. पिळून, न धुता, लगेच तुरटीत घालावे : तुरटी १५ टक्के, आणि वेगळा विरघळवलेला धुण्याचा सोडा २ टक्के. दोन्ही एकत्र करताना फेस वर येतो, म्हणून भांडे मोठे घ्यावे आणि सोडा थोडा थोडा सोडावा. कोमट पाण्यात रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी हलके धुवावे आणि मग रंगात घालावे. हे दोन दिवसांचे काम आहे आणि त्याला आडवाट नाही. कापसावर पक्का तांबडा बसवणे हे माणसाला फार पूर्वी जमले होते. मोहेंजोदडोला मिळालेल्या कापसाच्या कापडाच्या तुकड्यावर मंजिष्ठवर्गीय रंग आढळला आहे. त्या लोकांनीही हे टप्पे आपल्या हाताने शोधले असतील, या विचाराने मला दर वेळी भरून येते.

तुमच्या रंगलेल्या लड्या टाकून देऊ नका. त्याच लड्या पुन्हा धुऊन, हिरडा आणि तुरटी देऊन रंगवता येतील.

नीळमाठ

माठाबद्दल लिहितो. थोडे लांबेल, पण अर्धवट सांगितले तर उपयोग होणार नाही.

गार रात्री माठ रुसतो, कारण माठात चाललेले काम उष्णतेवर अवलंबून असते. अविद्राव्य नीळ पाण्यात उतरवायची तर तिचे क्षपण, म्हणजे प्राणवायू लागण्याच्या उलट क्रिया, करावे लागते, आणि तेही क्षारयुक्त (अल्कधर्मी) पाण्यात. आंबवणीच्या माठात हे काम जिवाणू करतात. साखरेच्या माठात गरम चुन्याच्या पाण्यातली फलशर्करा (फळांतली साखर, फ्रुक्टोज) करते. पहिल्या प्रकारात पाणी थंड झाले की जिवाणू स्वस्थ बसतात, दुसऱ्यात क्रिया मंदावते. म्हणून शरदात मी साखरेचाच माठ लावतो. तो एका दिवसात तयार होतो आणि बिघडला तरी त्याच दिवशी सुधारता येतो.

प्रमाण वजनाने एक भाग नीळ, दोन भाग विझवलेला चुना, तीन भाग फलशर्करा. नीळ आधी थोड्या कोमट पाण्यात गोट्या घालून बरणीत चांगली हलवून ओली करावी. कोरडी पूड पाण्यावर तरंगत राहते. फलशर्करा गरम पाण्यात विरघळवावी, त्यात ओली नीळ, मग हळूहळू चुना. चुन्याची पूड डोळ्यांत आणि घशात जाऊ देऊ नये, हातात मोजे असावेत. सावकाश ढवळून, झाकण लावून ठेवावे. अर्ध्या-पाऊण तासाने वर तांब्यासारखी चमकणारी साय येते, मधोमध निळा फेस जमतो, आणि साय बाजूला सारली की खालचे पाणी पिवळसर, स्वच्छ दिसते. हे दिसेपर्यंत सूत घालू नये. पाणी अजून निळे असेल तर क्रिया अपुरी आहे, ऊब आणि थोडी साखर द्यावी. पाणी हिरवट होऊन रंग धरेनासा झाला तर सामू (pH) मोजावा. तो ९ च्या खाली आला असेल तर चिमूटभर चुना पुरतो.

उबेसाठी आपल्यासारख्या ग्रामीण घरात उत्तम साधन म्हणजे पेंढा. मोठ्या लाकडी खोक्यात तळाशी आणि चारी बाजूंनी वीतभर पेंढा दाबून भरावा, मधोमध माठाचे उंच पातेले बसवावे, वर पेंढ्याची जाड गादी आणि झाकण. संध्याकाळी ५० अंशांवर ठेवलेले पाणी माझ्याकडे सकाळी कोमट सापडते आणि थोड्याच सरपणात पुन्हा कामाला येते.

लोकरीबाबत एक इशारा. क्षार तिला कमकुवत करतो, म्हणून लोकरीसाठी सामू ९ ते ९.५ इतकाच ठेवतो, कापसाला १०.५ चालतो. लडी कोमट पाण्यात भिजवून, हवा पूर्ण काढून, काठावरून अलगद आत सोडावी. थेंब उडाले की प्राणवायू आत गेलाच. पाच मिनिटे आत, वीस मिनिटे हवेत. फिकट वाटले तरी पुन्हा तेवढेच. गडद निळा एका लांब बुडीतून मिळवू पाहिला तर रंग पृष्ठभागावर साचतो आणि विणताना बोटे निळी होतात. सात-आठ लहान बुड्यांनी तो तंतूत मुरतो. शेवटी एक दिवस हवेत राहू द्यावे, सौम्य व्हिनेगरच्या पाण्यातून काढून क्षार मारावा आणि मग साबणाने धुवावे.

ज्यांच्या वाफ्यात पुरेशी पाने नाहीत त्यांनी पूड विकत घेण्यात कमीपणा मानू नये. जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीने १८९७ पासून विकायला आणलेली कृत्रिम नीळ आणि पानातली नीळ यांचा मुख्य रेणू एकच आहे. वनस्पतीच्या निळीत इंडिरुबिनसारखी इतर द्रव्येही असतात, त्यामुळे छटेत थोडा फरक पडतो. मी स्वतः वनस्पतीचीच वापरतो, कारण ती माझ्या वाफ्यात उगवते. मात्र तिच्यामुळे माझा निळा अधिक पक्का होतो असा दावा मी करणार नाही.

ऊनसावली

पक्केपणाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते, कारण यावर फार भावनिक बोलले जाते. नैसर्गिक म्हणजे टिकाऊ असे नाही. हळदीचा पिवळा पाहताना डोळे दिपतात आणि उन्हात तो काही दिवसांतच उतरतो. बीट आणि जांभळ्या कोबीचे रंगही असेच. ज्या वस्तूसाठी कुणी दोन महिने कातणार आणि दोन महिने विणणार, तिला हळद लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या बाजूने, प्रयोगशाळेतला प्रत्येक रंग पक्का असतो असेही नाही. विल्यम हेन्री पर्किन यांना १८५६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, क्विनीन बनवण्याच्या खटपटीत जो जांभळा गवसला आणि ज्याने कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले, तो स्वतः उन्हापुढे फारसा टिकणारा नव्हता.

तेव्हा ऐकण्यापेक्षा पाहावे. प्रत्येक घाण्यातला हातभर धागा पुठ्ठ्याच्या पट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळावा, अर्धी पट्टी जाड कागदाने झाकावी आणि दिवसभर ऊन येणाऱ्या खिडकीत महिना-दीड महिना ठेवावी. मग कागद काढून दोन्ही अर्धे जुळवून पाहावेत. ही पट्टी उन्हाळा संपण्याआधी लावली तर उत्तम, कारण शरदाचे ऊन तिरपे आणि कोवळे होत जाते आणि तेवढ्याच दिवसांत कमी सांगते. मी ज्या वर्षी उशिरा पट्टी लावली त्या वर्षी एक फिकट गुलाबी मला पक्का वाटला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा शालीवरचा पट्टा पांढरा पडला.

छटा जोखण्याबद्दलही एक सांगते. ओले सूत नेहमी गडद दिसते, त्यामुळे हवा त्यापेक्षा दोन पायऱ्या गडद रंग पातेल्यात दिसला पाहिजे. आणि एखादी छटा मळकट वाटली तर ती तत्काळ बिघडली असे ठरवू नये. तिच्या शेजारी काय ठेवले आहे तेही पाहावे. चित्रपडदे विणणाऱ्या पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या शेवरल या रसायनशास्त्रज्ञांकडे काळ्या लोकरीत जोर नसल्याची तक्रार आली होती. त्यांनी तपासले तेव्हा दोष रंगात नव्हता, शेजारच्या रंगांमुळे काळा फिका भासत होता. एकमेकांशेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात हा नियम त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडला. मी म्हणूनच प्रत्येक लडी आधी कोऱ्या पांढऱ्या कापडावर, सकाळच्या सावलीतल्या उजेडात पाहते. संध्याकाळच्या तांबूस उन्हात कोणताच निर्णय घेत नाही.

कोरा धागा

दोन शंका. पाणी जास्त झाले तर रंग पातळ होतो का? आणि एकाच पातेल्यातली लडी कुठे गडद, कुठे फिकट का येते?

विहिरीकाठ

पाणी जास्त झाल्याने छटा फारशी फिकी पडत नाही, कारण पुरेसा वेळ मिळाला तर सूत पाण्यातला रंग ओढून घेते. छटा ठरते ती सुताच्या वजनाशी रंगद्रव्याचे प्रमाण काय यावर. त्यामुळे लडी मोकळी फिरेल इतके पाणी अवश्य घ्यावे. डागाळण्याची कारणे तीन : सूत कोरडे घातले, पातेल्यात कोंबले, किंवा आधीच उकळत्या रंगात टाकले. निदान तासभर भिजवलेले सूत कोमट रंगात सोडून मग आच वाढवावी, दर दहा मिनिटांनी लडी हळूच वरखाली करावी. फुलांचा चोथा आधी गाळून घ्यावा. पाकळी जिथे चिकटते तिथे ठिपका पडतो.

आणि सर्वांसाठी एक आग्रह : रंगाईची भांडी, चमचे, गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. जुन्या कृतींत आढळणारे क्रोमचे क्षार तर अजिबात वापरू नयेत, ते विषारी आणि कर्करोगकारक आहेत. मोरचूद (तांब्याचा क्षार) जलचरांना घातक आहे, त्यामुळे त्याचे पाणी ओढ्याकडे जाता कामा नये. तुरटी आणि अगदी थोडे हिराकस एवढ्यावर आयुष्यभराची रंगाई होते.

लोकरसूत

चार आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. क्रम पाळला, आणि पहिल्यांदाच सगळ्या लड्या थंडीच्या आत उरकल्या.

सहा लड्या ताज्या पानांत फिरोजी झाल्या. त्या दिवशी मी पहाटे पाने खुडली आणि न्याहारीच्या आधी लड्या दोरीवर होत्या. बारा लड्या पिंपातल्या पावसाच्या पाण्यात झेंडूच्या केल्या, आणि मला हवा असलेला स्वच्छ सोनपिवळा मिळाला. त्यातल्या चार तशाच ठेवल्या. तीन लड्या वेगळ्या पातेल्यात सुताच्या वजनाच्या दीड टक्का हिराकसात दहा मिनिटे धरल्या, तर त्या मेंदीच्या वाळल्या पानासारख्या हिरवट झाल्या. हिराकस याहून अधिक घालायचा मोह होतो. पण लोह जास्त झाले की लोकर खरबरीत आणि ठिसूळ होते, म्हणून मोजूनच घातले. उरलेल्या पाच पिवळ्या लड्या नीळमाठ यांच्या पद्धतीने लावलेल्या माठात दोन-दोनदा बुडवल्या. पाण्यातून बाहेर येताना पिवळी दिसणारी लडी हवेत धरल्यावर हळूहळू हिरवी होत जाते, ते पाहायला शेजारची मुले रांगेने उभी होती. सहा कोऱ्या लड्या त्याच माठात सात बुड्यांनी गडद निळ्या झाल्या. पेंढ्याच्या खोक्याने खरेच चमत्कार केला. बाहेर अंगावर शाल घ्यावी लागत असताना सकाळी आतले पाणी कोमट होते.

अक्रोडाची सालपटे दहा दिवस भिजवून तीन लड्या तपकिरी केल्या. हातमोजे घालायला एकदाच विसरले आणि नखे अजून तपकिरी आहेत, म्हणून नवीन मंडळींना हे आवर्जून सांगते.

मंजिष्ठ सर्वांत शेवटी घेतली, विहिरीच्या पाण्यात. वाटलेली मुळे रात्रभर भिजवली आणि सबंध दिवस तापमापक पातेल्यात ठेवून आच ७० अंशांच्या पुढे जाऊ दिली नाही, कारण त्यापुढे मुळांतली तपकिरी द्रव्ये सुटू लागतात आणि तांबडा मंदावतो. पहिल्या चार लड्या विटेहून उजळ तांबड्या आल्या. त्याच पाण्यात पुढच्या तीन घातल्या, त्या पिकत्या जर्दाळूसारख्या आल्या. एकच घोंगडी विणायची असल्यामुळे चारही तांबड्या एकाच घाण्यात केल्या होत्या, तरी त्यांत किंचित फरक आहेच. विणताना दर दोन ओळींनी लडी बदलत जाईन म्हणजे तो नजरेत भरणार नाही.

पस्तिसावी लडी कोरी ठेवली आहे. रंगवलेल्या सगळ्या लड्यांना आता चिठ्ठ्या बांधून झाल्या : वनस्पती, वजन, पाणी कुठले, तापमान, तारीख. पट्टी खिडकीत लागली आहे, उशिरा लागली हे ध्यानात ठेवूनच ती वाचेन.

एकच विचारायचे राहिले. माठात अजून नीळ आहे, पण चूल आता अंगणातून उचलायची वेळ झाली. ओतून टाकायला जीव होत नाही. तो असाच ठेवता येईल का?

नीळमाठ

ओतू नका. साखरेचा माठ थंडीत झोपतो, मरत नाही. काठोकाठ भरेल इतके गरम पाणी घालून वरची हवा कमी करा, झाकण घट्ट बसवा आणि गोठणार नाही अशा कोपऱ्यात, पेंढ्यासकट ठेवून द्या. नीळ तळाशी बसेल, वरचे पाणी निळसर दिसेल, त्याची चिंता नको. ऊन परत तापू लागले की ५० अंशांपर्यंत गरम करा, सामू मोजा, बहुधा तो उतरलेला असेल, मग थोडा चुना आणि थोडी फलशर्करा घालून हलके ढवळा आणि तासभर थांबा. तांब्याच्या रंगाची साय आली की ती पस्तिसावी लडी आधी बुडवा.